पडवळ जेवत नाही

वयाच्या बासष्टाव्या वर्षी पुरुषोत्तमरावांनी साप पाळला. विषारी नव्हे हो! बॉल पायथन म्हणतात तो. हातभर लांब, चॉकलेटी अंगावर सोनेरी ठिपके, आणि स्वभावाने इतका भित्रा की जरा कुठे खुट्ट झालं की अंगाचा गोळा करून मधोमध डोकं खुपसून बसतो. पण साप तो साप. ओहायोतल्या डब्लिनच्या मराठी मंडळात बातमी पसरायला एक शनिवार पुरला. "लताताई गेल्यापासून त्यांचं जरा..." असं म्हणून लोक पुढचं वाक्य भुवया उडवून पुरं करायला लागले.

डोकंबिकं काही फिरलेलं नव्हतं. माणूस एकटा पडला होता, दुसरं काय! दीड वर्षापूर्वी लता गेली. तेव्हापासून त्या चार बेडरूमच्या घरात बोलायचं म्हटलं तर एक टीव्ही आणि दुसरा तो धुराचा अलार्म, तोही बॅटरी संपली की. पुरुषोत्तमराव सिंकपाशी उभ्याउभ्याच जेवायचे. आमटीभात एका वाडग्यात कालवायचा, चार घास पोटात ढकलायचे, वाडगा विसळून टाकायचा. टेबलाशी बसलं की समोरची खुर्ची डोळ्यांत खुपायची. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी दुसरी वाढ कधी मागून घेतली नव्हती. लता विचारायची, "भात?" हे म्हणायचे, "नको." ती म्हणायची, "थोडासा." हे म्हणायचे, "नको गं." मग ती काही न विचारता वाढायची आणि हे मुकाट्याने जेवायचे. आता पहिल्या 'नको'नंतर कुणीच काही बोलत नव्हतं. माणूस चांगला सात किलोने उतरला.

ही त्यांच्या मिरजेच्या घरची रीत. पाहुण्याने पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरायचा, आणि वाढणाऱ्याने बोटांच्या फटीतून वाढायचं. एकदाच विचारून पातेलं आत नेलं तर ते घर कंजूष. त्यांचे वडील एकदा कुणाकडे असे उपाशी झोपले होते, पण "हो, वाढा" म्हणाले नाहीत. याचा त्या घराला केवढा अभिमान!

आता खरी गोष्ट सांगते. लताचे दिवस झाले आणि त्यांची एकुलती एक मुलगी, अनिका, पोर्टलंडला परत निघाली. विमानतळावर सामान उतरवताना ती म्हणाली, "बाबा, मी राहू का अजून? दोन-तीन महिने. आय कॅन वर्क फ्रॉम हिअर."

राहा गं बाई, राहा, असं पुरुषोत्तमरावांचं मन आतून ओरडत होतं. आणि तोंडातून काय निघालं? "छे छे, नको. कशाला उगाच? तुझं काम आहे."

आणि ते तिच्याकडे बघत उभे राहिले, ती पुन्हा विचारील म्हणून. अनिकाने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं, "ओके" म्हणाली, मिठी मारली आणि आत गेली. ते पार्किंगमध्ये पाऊण तास बसून होते. एकदाच विचारलं! पोटच्या पोरीने एकदाच विचारलं! हे शल्य त्यांच्या मनात जे रुतलं ते रुतलंच.

मग ते रोज तिला मेसेज करायला लागले. जेवलीस का? काय जेवलीस? स्वेटर घातलास का? आधी ती उत्तरं द्यायची. मग नुसता अंगठा. मग तोही दोन-दोन दिवसांनी. फोन महिन्यातून एकदा, तोही कुठेतरी चालता चालता, गाड्यांच्या आवाजात.

सापाची कल्पना यातूनच आली. अकरा वर्षांची असताना अनिकाने साप हवा म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी लताने इंडियन स्टोअरमधून चांगलं लांबलचक पडवळ आणलं आणि तिच्यापुढे ठेवलं, "हा घे तुझा साप." पोरगी आधी रडली, आणि मग तिने त्या पडवळाला टेबलावर टॉवेलात गुंडाळून चार दिवस सांभाळलं, ते लिबलिबीत होईपर्यंत. गेल्या सप्टेंबरात एकदा कपाट आवरताना तिने त्या वेळी काढलेलं चित्र सापडलं. टॉवेलातलं पडवळ, त्याला डोळे काढलेले. पुरुषोत्तमराव ते चित्र घेऊन पलंगावर बसले, आणि पुढच्याच रविवारी कोलंबसच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनाला गेले.

तिथे मर्लीन नावाची साठीची बाई होती, केसांची पांढरी वेणी, दंडावर पालीचं गोंदण. तिने त्यांना सगळं समजावून सांगितलं. काचेची पेटी, एका बाजूला ऊब, दुसऱ्या बाजूला गारवा, लपायला दोन खोपे, पाण्याचं भांडं. पहिला आठवडा हात लावायचा नाही. खायला आठवड्यातून एक उंदीर, गोठवलेला मिळतो, तो कोमट पाण्यात ऊन करून चिमट्याने समोर धरायचा. पुरुषोत्तमराव जन्माचे शाकाहारी. पण चौतीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेला माणूस. सगळं वहीत उतरवून घेतलं. उंदरांचं पाकीट तीन पिशव्यांत गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवलं. शेजारी लताच्या अक्षरातला डबा होता, 'ओला नारळ, मार्च'. दीड वर्षात तो त्यांनी ना उघडला ना टाकला. "सॉरी गं," ते डब्याला म्हणाले.

सापाचा फोटो अनिकाला पाठवला, खाली लिहिलं, 'पडवळ'. चार मिनिटांत फोन!

"बाबा! इज दॅट रिअल? आपल्या घरात?"

ती हसत होती. दीड वर्षात पहिल्यांदा हसत होती. त्यानंतर दर रविवारी फोन यायला लागला. पडवळ काय करतो, कुठल्या खोप्यात झोपतो, जेवला का. माणसाला अगदी भरून पावल्यासारखं झालं.

पण पडवळ जेवेना.

पहिल्या वेळी उंदीर समोर धरला, त्याने तोंड फिरवलं. पुरुषोत्तमराव मनात म्हणाले, असू दे, नवा आहे, लाजतोय. दुसऱ्या दिवशी पुन्हा धरला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. वहीत 'आठवड्यातून एकदा' असं ठळक लिहिलं होतं, पण एकदा विचारून पातेलं आत न्यायचं? आणि तेही एवढ्याशा जिवाला? रोज संध्याकाळी हे त्या पेटीशी स्टूल घेऊन बसायचे, चिमट्यात उंदीर, आणि सुरू: "घे रे. एवढासा तर आहे. बरं, नुसतं तोंड तरी लाव." तो खोप्यात शिरला की खोपा उचलायचे. गोळा होऊन बसला की हातात घेऊन कुरवाळायचे. एकदा मंडळाच्या कांचनताई डबा घेऊन आल्या आणि दारातूनच त्यांनी हा प्रकार पाहिला. "अगंबाई! भावजी, उंदराचा आग्रह करताय?" डबा बुटांच्या कपाटावर ठेवून त्या ज्या गेल्या त्या पुन्हा फिरकल्या नाहीत.

लताच्या रवा-बेसन मोजायच्या काट्यावर पडवळाचं वजन व्हायचं. तीनशे दहा ग्रॅम. दोनशे ब्याण्णव. दोनशे सत्तर. पाठीचा कणा वर दिसायला लागला. आणि दर रविवारी अनिका विचारायची, "जेवला?"

"जेवला की! चांगला चापून जेवला." खरं कसं सांगणार? साप मेला तर रविवार मेला, हे त्यांना स्वच्छ कळत होतं. एकदा तर पेटीपुढे बसून ते चक्क रडले. "अरे, माझ्यासाठी तरी खा," म्हणाले.

सात आठवडे झाल्यावर मात्र धीर सुटला. पडवळाला उशीच्या अभ्र्यात घालून, अभ्रा डब्यात ठेवून ते मर्लीनच्या घरी घेऊन गेले. तिने त्याला उलटसुलट पाहिलं, तोंड उघडून पाहिलं. "आजारी नाहीये हा," ती म्हणाली. बोलली अर्थातच इंग्रजीत, आपण मराठीत ऐकू. "खायला किती वेळा देता?"

"रोज."

"रोज? आणि तो नको म्हणाला की?"

"पुन्हा विचारतो. तीन-चारदा. आमच्याकडे तसंच करतात."

मर्लीनने त्यांच्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच बोलली. "हे बघा, याला खोटं नको म्हणता येत नाही. तो नको म्हणतो तेव्हा त्याला नकोच असतं. तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता, त्याला वाटतं कुणीतरी अंगावर येतंय. पेटीच्या तीन बाजूंच्या काचा कागदाने झाका. दहा दिवस त्याच्याकडे बघूसुद्धा नका. तो नको म्हणाला, तर त्याचा शब्द खरा माना."

पुरुषोत्तमराव गाडीत येऊन बसले. किल्ली फिरवायला हात पुढे गेला आणि तसाच राहिला. शब्द खरा माना. अनिकाने दुसरं काय केलं होतं? ही पोरगी ओहायोत जन्मली, इथल्या शाळेत शिकली. नको म्हणजे नको, हेच तिला लहानपणापासून शिकवलेलं. बाप नको म्हणाला, तिने बापाचा शब्द खरा मानला. आणि हा बाप दीड वर्ष मनात कुढत बसला, की पोरीने एकदाच विचारलं! बरं, पोरीने दहा वेळा उत्तर दिलं नाही, तरी हा अकराव्यांदा विचारतोच आहे, जेवलीस का. "अरे गाढवा," ते मोठ्याने म्हणाले. हे स्वतःलाच. डब्यातला बिचारा काही बोलला नाही.

घरी येऊन त्यांनी पेटीच्या काचांना खाकी कागद लावला आणि त्या खोलीचं दार लोटलं. रोज फक्त पाणी बदलायचं, तेही नजर दुसरीकडे ठेवून. अनिकाला मेसेज करणंही बंद केलं. बोटं शिवशिवायची, पण फोन ड्रॉवरमध्ये टाकायचे. ते दहा दिवस कसे गेले ते त्यांनाच माहीत. आधी निदान नको म्हणणारं तरी कुणीतरी होतं, आता तेही नाही. मधल्या रविवारी फोन आलाच नाही. तिच्या कंपनीची कसलीशी ट्रिप होती. त्यांनी सिंकपाशी उभं राहून चार घास खाल्ले आणि आठ वाजता दिवे मालवले.

अकराव्या दिवशी, बुधवारी, त्यांनी उंदीर ऊन केला, खोप्याच्या तोंडाशी ठेवला आणि एक अक्षर न बोलता बाहेर गेले. गराजमध्ये जाऊन गाडीत बसून राहिले. तासाभराने दार हळूच उघडून पाहिलं. उंदीर नव्हता. खोप्यातून अर्धं डोकं बाहेर, आणि गळ्याच्या खाली चांगला फुगवटा. पुरुषोत्तमरावांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, आवाज होऊ नये म्हणून.

रविवारी फोन वाजला.

"बाबा, पडवळ जेवला?"

"जेवला. दोन महिन्यांनी जेवला."

"व्हॉट? तुम्ही तर दर वीकला..."

"खोटं सांगत होतो, अनू. तो जेवत नाही म्हटलं असतं, मेला असता, तर तू फोन केला नसतास, असं वाटायचं."

आता तोंड उघडलंच होतं.

"अजून एक खोटं आहे. एअरपोर्टवर तू विचारलंस, राहू का. मी नको म्हणालो. ते खोटं होतं. मला तू हवी होतीस."

"बाबा." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "मी आईसारखी दिसते ना. मला वाटलं, मला बघून तुम्हाला त्रास होतो. म्हणून नको म्हणालात. मी प्लेनमध्ये सगळा वेळ रडत होते."

"अगं वेडे! मी तू परत विचारशील म्हणून वाट बघत होतो."

"पण तुम्ही नो म्हणालात!"

"हो गं. तिथेच चुकलं माझं."

ती नाक ओढत होती, हेही तेच करत होते. मग ती म्हणाली, "थँक्सगिव्हिंगला मी फ्रेंडकडे जाते असं प्रॉमिस केलंय. तिचे आईबाबा वाट बघतायत."

"बरं," ते म्हणाले.

"डिसेंबरला येऊ? दोन आठवडे?"

नको गं, बर्फ असतं, विमानं लेट होतात, तुझी सुट्टी फुकट जाईल. सगळं जिभेवर तयार होतं, आयुष्यभराचं पाठ होतं. पुरुषोत्तमरावांनी ते तिथेच गिळलं.

"ये," ते म्हणाले.

"नक्की ना? की अजून दोनदा विचारू?"

"नको. हे नको खरं आहे."

फोन ठेवल्यावर घर पुन्हा पहिल्यासारखं गप्प झालं. तिला यायला अजून पाच-सहा आठवडे होते. पलीकडच्या खोलीत पडवळ पोटभर खाऊन झोपला होता, त्याला उठवायचं नव्हतं. पुरुषोत्तमरावांनी आमटी गरम केली, ताट घेतलं आणि टेबलाशी, त्या रिकाम्या खुर्चीसमोर बसले. पहिला भात संपला. ते जरा वेळ तसेच थांबले, सवयीने. मग उठले आणि आपल्या हाताने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.