आय बरोबर आय

मॅडमनी गणिताची शेवटची ओळ लिहिली आणि खडू तिथेच थबकला. पाऊण फळा भरून मेहनत, आणि खाली काय, तर ‘आय बरोबर आय’. हाती भोपळा.

मागच्या बाकावर निवड समिती बसली होती: प्राचार्य आणि बाहेरून आलेल्या एक तज्ज्ञ बाई. सहा वर्षं हंगामी शिकवल्यावर नोकरी कायम होणार की नाही, हे या एका तासावर ठरणार होतं. मॅडमनी तयारीत कसर ठेवली नव्हती. घरी सासऱ्यांना समोर बसवून हाच तास दोनदा घेतला होता, दोन्ही वेळा डुलकी काढून ते “झकास!” म्हणाले होते. शिवाय इंटिग्रेशन बाय पार्ट्स म्हणजे त्यांच्या हातचा मळ.

गणित होतं ई रेज टू एक्स गुणिले साइन एक्स. गुणाकारातल्या एकाचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं, दुसऱ्याचं इंटिग्रेशन करायचं. असं दोनदा केलं की मूळ गणित, म्हणजे आय, उजवीकडे वजा होऊन परत येतं. ते डावीकडे न्यायचं, दोनने भागायचं, सुटलं. आज मात्र ते वजा न होता जसंच्या तसं येऊन उभं होतं.

त्यांचा हात डस्टरकडे गेला. लाज तर वाटलीच, पण मुलांसमोर पुसून पळ काढायचा हे त्यांना जमण्यातलं नव्हतं. हात मागे आला.

“बघा रे, कुठे गंडलं?”

मुलं माना उंचावून फळा बघू लागली. मग तिसऱ्या बाकावरची उंच मुलगी उठली. एरवी ती हजेरीपुरतंच तोंड उघडायची.

“मॅडम, पहिल्यांदा डेरिव्हेटिव्ह साइनचं घेतलं. मग दुसऱ्यांदा कॉसचं घ्यायला हवं ना? तुम्ही ई रेज टू एक्सचं घेतलंत. केलेलं सगळं उलटं फिरलं.”

“ये, कर नीट.”

तिने केलं. वजा आय आलं, दोनने भागलं गेलं आणि वर्गाने बाकं बडवली. तेवढ्यात बेल झाली.

प्राचार्य निवडीचा कागद घेऊन खुशीत पुढे आले, मागोमाग तज्ज्ञ बाईही.

“चूक मुद्दाम केलीत ना? मुलांना बोलतं करायला? तसंच लिहितो मी.”

नुसती मान हलवली असती तरी काम फत्ते होतं. दप्तरं आवरणारी मुलं थांबून बघत होती.

“नाही सर,” मॅडम म्हणाल्या. “खरंच चुकले.”

प्राचार्यांचं पेन कागदावर अडलं. तज्ज्ञ बाईंनी मुलीकडे पाहिलं.

“तुला काय वाटलं होतं गं?”

“खरंच चुकल्यात असं. मॅडम मुद्दाम चुकतात तेव्हा फळ्यापासून बाजूला होतात, आम्हाला दिसावं म्हणून. आज झाकून उभ्या होत्या.”

वर्ग हसला, मॅडमही हसल्या. तज्ज्ञ बाईंनी प्राचार्यांच्या हातातला कागद स्वतःकडे ओढला आणि ‘शिफारस’च्या रकान्यात लिहायला घेतलं.