शेवटच्या मिनिटातील किंकाळी

गुरुदत्तने मिठाच्या पाण्याची गुळणी टाकली आणि प्रणितच्या हातातील मोबाईल ओढून घेतला. ‘खाजण’ या त्यांच्या मेटलकोर बँडच्या नव्या अल्बमचे, ‘भराव’चे, पहिले परीक्षण आले होते. वीस वर्षे ओरडून गाता गाता गुरुदत्तच्या गळ्याची पार चाळण झाली होती. या खेपेस कोणी आवाज संपला असे लिहिले, तर गाणे कायमचे सोडायचे, असे त्याने मनाशी ठरविले होते.

प्रणित ड्रम वाजवीत असे. आपल्या वादनास ‘वक्तशीर’ म्हटले आहे, एवढे तर कोणी एसटीलाही म्हणत नाही, असे तो कडवटपणे पुटपुटला.

पहिली नऊ गाणी समीक्षकाने एकाच वाक्यात निकालात काढली होती: गायक थकला आहे. दहाव्यावर मात्र तीन परिच्छेद होते. ‘शेवटच्या मिनिटातील किंकाळी ऐका. या गळ्यात अजून वीस वर्षे शिल्लक आहेत.’

गुरुदत्तने मोबाईल पालथा ठेवला.

त्या मिनिटात त्याचा गळा नव्हताच. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी तो साफ बसला होता. तीन वर्षांपूर्वी वडील, काशीराम, वारले त्या सकाळी तो एक चाल मोबाईलवर टिपून ठेवीत होता. निरोप आला तसा ध्वनिमुद्रण न थांबविताच तो मोबाईल खिशात टाकून गावच्या घरी धावला, आणि आईचे हेल काढून रडणे त्यात उतरले. तेच रडणे स्टुडिओत जाड, खरखरीत करून दोघांनी गाण्याच्या शेवटास जोडले होते.

“कळवूया का त्या समीक्षकाला?” प्रणितने खालच्या आवाजात विचारले.

तेवढ्यात भामा, गुरुदत्तची आई, हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली.

“काय लिवलाय रं?”

“एक गाणं चांगलं झालंय म्हनतात, आये.”

“मंग लाव ना. मना कवा आयकवनार?”

नाही म्हणण्यास त्याची जीभ रेटेना. गाण्याचा गदारोळ भामाने मुकाट्याने सोसला. शेवटचे मिनिट लागले, तशी ती खुर्चीचा हात धरून हळूहळू खाली बसली. प्रणित खिडकीतून करंजाडे वसाहतीच्या इमारती पाहू लागला.

“तुजा आवाज नाय ह्यो,” ती म्हणाली. “बाय हाय ती. मानूस गेलाय तिचा.”

गुरुदत्तने गाणे बंद केले.

भामाने पदराने तोंड पुसले.

“तिच्याजवल कोनी हाय का रं?”