एहरामच्या चादरीची शिवण

मुलांनो, असं समजा की साल एकोणीसशे बाहत्तर आहे. दिवाळी आणि रमजान ईद या वर्षी पाठोपाठ येऊन गेल्या आहेत आणि तुम्ही सोनईच्या पेठेत शिंप्याच्या एका अरुंद दुकानासमोर उभे आहात. आत या, पण मान वाकवून, नाहीतर दोरीवरचे कपडे तोंडाला लागतील. हे लांब पांढरे कुडते आणि पायजमे ईदच्या नमाजाचे. या गोल विणलेल्या टोप्या. धुतल्यावर आकार बिघडू नये म्हणून त्या तांब्यांवर पालथ्या घातल्या आहेत. आणि खुंटीवर तो काळा बुरखा आहे ना, तो गल्लीतल्या एका बाईचा आहे. इथल्या मुसलमान बाया घरी आणि शेतात लुगडंच नेसतात. नगरला पाहुण्यांकडे जायचं असलं की मगच बुरखा बाहेर निघतो.

आता खाली पाहा. मशीनजवळ चौकड्यांच्या लुंग्यांची चवड दिसतेय? प्रत्येक लुंगी पोत्यासारखी गोल शिवलेली आहे. गडी त्यात दोन्ही पाय घालतो, वर ओढतो, पुढं एक घडी मारून कमरेला खोचतो, की झालं. कापडाची दोन टोकं जोडून ही लुंगी गोल करायचं काम शब्बीर दर्जींनी आपल्या दहा वर्षांच्या लेकीकडे दिलं होतं. तिचं नाव कुलसुम. पाय मशीनच्या पायट्यापर्यंत जेमतेम पोचायचे, पण शिवण अशी सरळ घालायची की बघत राहावं.

आज कुलसुमच्या घरी गर्दी होती. तिचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील बुऱ्हानभाई, हजला निघाले होते. दुपारच्या एसटीनं नगर, तिथून मुंबई आणि मुंबईहून आगबोट. म्हाताऱ्यानं उभ्या जन्मात कधी समुद्र पाहिला नव्हता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, त्यामुळे आता नीट दिसणारही नव्हता. तरी गेले कित्येक दिवस त्यांच्या तोंडी समुद्राचीच गोष्ट होती.

सकाळी अब्बा कुलसुमला म्हणाले होते, "दादांच्या चादरी घडी घालून पेटीत ठेव." (घरात ही माणसं दखनी बोलायची. आपण त्यांचं बोलणं मराठीतच ऐकू.)

दोन कोऱ्या पांढऱ्या चादरी होत्या. त्यातली एक कमरेला गुंडाळायची, एक खांद्यावर घ्यायची. कुलसुमनं कमरेची उलगडली आणि तिला नवल वाटलं. टोकं सुटीच! अब्बा गडबडीत विसरले असणार. आपले दादा परमुलखात जाणार आणि चालताना लुंगी सुटली तर? तिनं चादर मशीनवर घेतली, टोकाला टोक लावलं आणि शिवण घातली. मग दादांचंच काम म्हणून तिच्यावरून आणखी एक शिवण घातली. चादर पेटीच्या तळाशी ठेवताना तिला फार बरं वाटलं. दादा तिकडे पोचले की सांगतील, ही माझ्या नातीची शिलाई.

दुपारी ओटीवर माणसं जमली. कुणी हार आणले, कुणी खजूर. मौलवीसाहेब दादांना शेवटच्या सूचना देत होते. दाराआड बायांमध्ये बसून कुलसुम ऐकत होती.

"मक्केची हद्द जवळ आली की बोटीवर भोंगा वाजेल," मौलवीसाहेब म्हणाले. "तेव्हा आंघोळ करून एहराम बांधायचा. कुडता नको, पायजमा नको, टोपीसुद्धा नको. बायांना त्यांचा शिवलेला पोशाख चालतो. पुरुषाला मात्र दोनच चादरी, आणि कमरेची चादर लुंगीसारखी शिवलेली नको. नवाब असो नाहीतर हमाल, तिथं सगळे एकाच वेषात उभे राहतात."

"आणि चुकून शिवलेलं घातलं तर?" कुणीतरी विचारलं.

"भरपाई द्यावी लागते. कधी बकऱ्याची कुर्बानी."

"मग बुऱ्हानभाई, एक बकरं संगतीच न्या की!" शेजारचा सूर्यभान म्हणाला. "बोटीत दूध बी मिळंल."

"अरं सूर्यभाना, बकरं कुठं दूध देतंय व्हय?" दादा म्हणाले आणि ओटी हसली.

कुलसुम मात्र हसली नाही. तिला डोळ्यांसमोर ते स्पष्ट दिसलं. बोटीवर भोंगा वाजला आहे. दादा चाचपडत चादर काढतात. डोळ्यांना दिसत नाही, पण पायांना सवय आहे. जन्मभर घातली तशीच ते चादर पायांतून वर ओढतात आणि पुढं घडी मारून खोचतात. कुणी सांगणारं नाही. तसेच ते अल्लाच्या घरासमोर जाऊन उभे राहतात. आणि मग? मग काय होत असेल? हज परत फिरवत असतील का?

ती अम्मीकडे धावली. "अम्मी, ऐक ना…"

"आता नको गं, माझं दूध उतू जातंय."

ती दादीकडे गेली. दादी डोळ्यांना पदर लावून बसली होती. तिला सांगायचं कसं? कुलसुम तशीच मागं फिरली आणि पेटी ठेवली होती त्या कोपऱ्यात गेली. कोपरा रिकामा होता. बाहेर सूर्यभानच्या बैलगाडीत पेटी चढली होती, तिला कुलूप घालून किल्ली दादांच्या जाकिटाच्या खिशात गेली होती आणि वरून दोरीही आवळली होती. गाडीभोवती पोरं नाचत होती.

अब्बा दारातून ओरडले, "कुलसुम! दादांना सलाम कर, एसटी चुकेल!"

गिऱ्हाइकाच्या कापडाला न विचारता कात्री लावली म्हणून अब्बांनी एकदा एका कारागिराला दुकानातून काढून टाकलं होतं. इथं तर दादांचं कापड होतं, तेही हजचं. गप्प बसलं तर आज कुणालाच कळणार नाही. तिला स्वतःचीच भीती वाटली, कारण गप्प बसणं तिला सोपं वाटत होतं.

तेवढ्यात दादा उठले. हजला निघालेला माणूस घर सोडण्याआधी सगळ्यांची माफी मागतो. कुणाचं मन दुखवलेलं असेल, तर ते ओझं बरोबर न्यायचं नाही. दादा एकेकापुढे हात जोडत निघाले.

"सूर्यभाना, बांधावरनं लई भांडलो तुझ्याशी. माफ कर."

"आवो, असं काय बोलताय? भांडलो तवाच तर वळख झाली." सूर्यभाननं त्यांचे जोडलेले हात खाली केले.

"गोजरबाई, तुमचं झंपर एकदा माझ्या हातनं आखूड झालं हुतं."

"एकदा न्हाई, दोनदा," गोजरबाई म्हणाली. "पर जावा, माफ केलं. देवाला माझा बी सलाम सांगा."

दादा एकेक पाऊल टाकत दारापर्यंत आले. तिथं कुलसुम भिंतीला चिकटून उभी होती. त्यांनी हातानं चाचपून तिचं डोकं शोधलं आणि एवढा मोठा माणूस तिच्यासमोर खाली वाकला.

"बेटा, मशीनचा दोरा तुटला की मी तुझ्यावर ओरडायचो. तुला वाईट वाटलं असेल. दादांना माफ करशील?"

सगळी ओटी बघत होती. "हो म्हण गं," अम्मी आतून म्हणाली. गाडीचे बैल माना हलवत होते. दादा तिची माफी मागत होते! आणि जिनं मागायला हवी, ती भिंतीला टेकून उभी होती.

"दादा," ती म्हणाली, आणि तो आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. "मी तुमची चादर शिवली. लुंगीसारखी. मला माहीत नव्हतं."

अब्बांनी एक पाऊल पुढं टाकलं. कुलसुमनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही, कारण पाहिलं असतं तर ती पळून गेली असती. तिनं दादांच्या जाकिटाच्या खिशात हात घातला, पेटीची किल्ली काढली आणि गाडीकडे धावली. चाकावर पाय देऊन ती वर चढली, दातांनी दोरीची गाठ सोडली, कुलूप काढलं आणि तळाची चादर ओढून मांडीवर घेतली. मग सगळ्या गावासमोर, तिनं शिवणीचं टोक शोधलं आणि पहिला टाका उसवला.