केळ्याला लागलेला ठसका

शटरबाहेरच्या चपलांचा ढीग पार उभ्या ट्रकच्या चाकापर्यंत गेला होता, आणि तरी माणसं आत येतच होती. काल्हेरचं गोदाम, पण आज तिथे ना खोकी होती ना हमाल. खोक्यांच्या जागी सतरंज्या, समोर चौरंग, चौरंगावर केळी-नारळांचं ताट आणि मागे भिंतभर पडदा. पडद्यावर एक लाल रेघ वेड्यासारखी उड्या मारत होती. तिच्यावर आकडा होता, ११८.

"बघा, बघा काळजाचे हाल!" स्पंदनस्वामी माइकवर गरजले. "हृदय म्हणजे हार्डवेअर. श्वास म्हणजे सॉफ्टवेअर. आणि मधलं नेटवर्क कोण?"

"स्वामी!" गाळा दणाणला.

"रेंज आली का?"

"आली!"

चौरंगाजवळ बसलेल्या बाईचं बोट स्टँडवरच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर होतं. स्वामींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शांत." त्यांचा शिष्य देवेश याने मोबाइल जरासा सरळ केला. रेघ हिरवी झाली. एकसारख्या लाटा येऊ लागल्या. आकडा घरंगळत बहात्तरवर येऊन थांबला. बाजूला एक निळं वर्तुळ फुगू-ओसरू लागलं आणि त्याच्या तालावर सगळा गाळा श्वास घेऊ लागला. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. देवेशने पितळी परात पुढे केली. बाईने पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून तिच्यात टाकली.

"तुटली गोळ्यांची बेडी!" स्वामी म्हणाले. टाळ्या पडल्या.

मृणालीची नजर परातीवर होती. मागच्या रविवारी तिच्या आईच्या गोळ्याही अशाच परातीत गेल्या होत्या.

तिच्या आईला, कमळला, लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता. त्या तापाने हृदयाची एक झडप कायमची अधू केली. आता तिचं काळीज मध्येच धावायचं, मध्येच अडखळायचं. अशा हृदयात रक्त साकळतं आणि एखादी गुठळी मेंदूकडे गेली, तर माणूस उभ्या उभ्या कोसळतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या त्याचसाठी होत्या. त्या बंद झाल्यापासून मृणाली आईचं तोंड न्याहाळत होती. बोलताना ओठ वाकडा होत नाही ना? हातातलं भांडं निसटत नाही ना?

समजावून झालं होतं. भांडूनही झालं होतं.

"नवीन गोळ्या आणल्यात, आई. एक तरी घे."

"न्हाय. स्वामींच्या पडद्यावर माझा ठोका कसा घड्यालावानी पडतो, ये नि बघ. तुझ्या यंत्राला कवाबी विचारा, म्हनतं, सांगता येत न्हाय!"

ते खरंच होतं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये बीएस्सी झाल्यावर मृणालीने एक ॲप लिहायला घेतलं होतं. कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं. फ्लॅशच्या उजेडात बोटातल्या रक्ताचा रंग प्रत्येक ठोक्याला किंचित बदलतो, त्यावरून ठोके मोजायचे. मग फुगणाऱ्या वर्तुळाबरोबर श्वास संथ करायचा. आपल्याच श्वासाने आपलाच ठोका उतरताना दिसला, की माणसाला ते हळूहळू जमायला लागतं. ॲपचा सगळा कोड तिने इंटरनेटवर उघडा ठेवला होता. कुणीही वाचावा, वापरावा, चुका काढाव्यात. केरळमधल्या कुणी त्यात सुधारणा केली होती, ब्राझीलमधल्या कुणी तिची एक ढोबळ चूक दाखवली होती. मात्र ठोक्यांचा ताल बिघडलेला असला, तर ते ॲप आकडा देत नसे. 'सांगता येत नाही. डॉक्टरांना दाखवा,' एवढंच लिहून येई. मृणालीला त्या वाक्याचा अभिमान होता. आईला मात्र ते दर वेळी अपमानासारखं लागे.

"कमळताई, या!" देवेशने पुकारा केला.

मृणालीही आईबरोबर उठली. गाळा तिच्या वडिलांचा, केसरीनाथांचा. त्यांनी तो सत्संगासाठी हौसेने दिला होता. लेक पुढे निघालेली पाहून ते कुजबुजले, "बाय, आज कायपन बोलू नको. समदी पावनी मंडली हाय."

कमळने कॅमेऱ्यावर बोट टेकलं. लाल रेघ नाचली. "शांत," स्वामी म्हणाले. देवेशचा हात मोबाइलकडे गेला, आणि एवढ्या जवळून मृणालीला दिसलं की मोबाइल सरळ करता करता त्याचा अंगठा आवाजाचं बटण दाबतो.

रेघ हिरवी झाली. वर्तुळ फुगलं. ते तिचंच होतं, तोच निळा रंग, तीच गती. त्याचं तिला नवल वाटलं नाही. कोड उघडा होता. पण वर्तुळ तिसऱ्यांदा फुगलं तेव्हा रेघेने एकदम उंच उसळी घेतली, मागून दोन ठोके एकमेकांना चिकटून आले आणि सगळं पुन्हा सुरळीत झालं.

ही उसळी मृणाली ओळखत होती.

कोडबरोबर तिने चाचणीसाठी एक नमुना ठेवला होता, तिच्या स्वतःच्या बोटावरून घेतलेला. तो घेताना आई ठेच्यासाठी मिरच्या भाजत होती. मृणालीला ठसका लागला आणि बोट हललं. खराब नोंद कशी दिसते हे इतरांना कळावं, म्हणून तिने तो ठसका मुद्दाम तसाच राहू दिला होता.

"हे आईचे ठोके नाहीत," ती म्हणाली. माइक जवळच होता. गाळाभर ऐकू गेलं.

"मग कुणाचे, मुली?" स्वामी गोड हसले.

"माझे. माझ्या ॲपमधला जुना नमुना आहे हा."

स्वामींनी दोन्ही हात वर केले. "ऐका! आईच्या बोटात लेकीचं स्पंदन! यालाच म्हणतात अद्वैत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कमळने कौतुकाने लेकीकडे पाहिलं. मृणालीचे कान तापले. खरं बोलून झालं होतं, आणि तेही या माणसाने गिळून टाकलं होतं. कोड उघडून दाखवावा? इथे तो कुणाला मंत्राहून वेगळा दिसला असता?

ती पडद्याकडे पाठ करून उभी राहिली.

"दुसऱ्या कुणाचं तरी बोट ठेवा. रेघ कुठे उसळेल ते मी न बघता सांगते. स्वामी, तुमचंच ठेवा."

"संन्याशाची नाडी मोजत नाहीत."

"मंग माझी मोजा," म्हणत शेजारची ठकुबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. "मी कुठं संन्यास घेतलाय?"

हशा पिकला. आता नाही म्हणता येईना. ठकुबाईचं बोट कॅमेऱ्यावर, स्वामींचा हात तिच्या डोक्यावर. "शांत." गाळ्याने श्वास घेतला, सोडला. पुन्हा घेतला, सोडला. तिसऱ्यांदा छात्या फुगल्या.

"आता," मृणाली म्हणाली.

रेघ उसळली. सतरंजीवर कुजबूज पसरली.

"ठकुबाईंना सर्दी आहे," स्वामी घाईने म्हणाले.

"मला? मला न्हाय सर्दीबिर्दी!"

मृणालीने ताटातलं एक केळं उचलून कॅमेऱ्यावर टेकवलं.

"चराचरात प्राण आहे!" स्वामींचा आवाज चढला. "केळ्यातही आहे! ही पोर प्रसादाचा अपमान करते आहे!"

पुढच्या रांगेतले दोघे-तिघे उठून उभे राहिले. "ए पोरी, बाजूला हो!" कुणीतरी ओरडलं. देवेश पडद्याच्या वायरीकडे झेपावला.

"हात लावू नको!" केसरीनाथ मागून गरजले. पाव्हण्यांसमोर कधी आवाज न चढवणारा माणूस; सगळे वळून बघू लागले. "गाला माझा हाय नि वीजपन माझी हाय. बघू तं दे."

"केळ्यात प्राण असेल, मी वाद घालत नाही," मृणाली म्हणाली. "पण त्यालाही तिथेच ठसका लागेल. ठकूआत्या, आशीर्वाद द्या."

ठकुबाईने केळ्यावर हात ठेवला. "शांत हो रं बाबा."

मृणालीने आवाजाचं बटण दाबलं. रेघ हिरवी झाली. बहात्तर. वर्तुळ एकदा फुगलं, दुसऱ्यांदा फुगलं. गाळ्यात कुणीच श्वास घेत नव्हतं. तिसऱ्यांदा फुगलं, आणि केळ्याची नाडी उसळली.

"आगं बाय," ठकुबाई म्हणाली, "केल्याला कोनी मिरची चारली?"

आधी एक जण हसला, मग सगळा गाळा. तेवढ्यात स्वामी मागच्या शटरकडे सरकले. त्यांच्यामागून निघताना मोबाइल घ्यायला वळलेल्या देवेशचं मनगट केसरीनाथांनी धरून ठेवलं.

मृणालीने माइक घेतला. "श्वास संथ केला की बरं वाटतं, ते खरं आहे. ते तुमच्या श्वासाने होतं आणि घरी फुकट करता येतं. त्याने झडप दुरुस्त होत नाही, साखर जात नाही. परातीतलं औषध कुणी उचलू नका, कोणतं कुणाचं आहे ते आता कळणार नाही. तडक आपापल्या डॉक्टरांकडे जा."

कमळ हसली नव्हती. ती आपल्या बोटाकडे बघत बसली होती.

"म्हंजे मी तुझा ठोका बघून खूश होत होते?"

"हो, आई."

"मंग माझा कसा पडतोय?"

मृणालीने आईचा हात धरून तिला उठवलं, आणि केसरीनाथ गाडीची चावी शोधू लागले.

भिवंडीतल्या दवाखान्यात कमळला झोपवून छातीला, हातापायांना वायरी लावल्या. यंत्रातून कागद सरकू लागला. कमळने मान उचलून विचारलं, "ही रेघ माझीच हाय कशावरून?"

तंत्रज्ञ तरुण गोंधळला. असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मग तो हसला, "बघा हं, मावशी," म्हणत त्याने तिच्या मनगटावरची एक वायर काढली. कागदावरच्या काही रेघा तिथल्या तिथे विस्कटल्या. वायर लावली, त्या परतल्या. वेड्यावाकड्या, कुठे दाट, कुठे विरळ. घड्याळासारखं त्यांत काहीच नव्हतं.

"हां," कमळ म्हणाली. "ही माझी."

डॉक्टरांनी तपासलं, रक्त काढलं आणि गोळ्या त्याच दिवशी सुरू केल्या. आठवडाभर काही झालं नाही हे निव्वळ नशीब, हेही सांगितलं. पहिली गोळी कमळने कुणी न सांगता घेतली.

तिने विचारलेला प्रश्न कुणालाही विचारता येतो. त्याला बीएस्सी लागत नाही. पडदा स्वामींचा असो, दवाखान्यातला असो की स्वतःच्या लेकीने केलेला. विचारावं, हे माझंच आहे कशावरून? ज्याचं काम खरं आहे तो एक वायर काढून दाखवतो. उत्तराऐवजी समोरचा चिडला, तर आपलं बोट काढून घ्यावं.