शाझलीकाकांनी झाकलेले मासे

या मित्रांनो, असे जवळ बसा, कान जरा खाली लावा. एका भल्या माणसाची कथा सांगते.

मी एक जुनी फरशी आहे. ट्युनिसियात, ऑलिव्हच्या बागांमध्ये एका रोमन गावाचे अवशेष आहेत, तिथली. सतराशे वर्षांपूर्वी एका कारागिराने गुडघ्यांवर बसून, हरभऱ्याएवढे रंगीत खडे ओल्या चुन्यात एकेक करून दाबले आणि माझ्यावर मासे पोहते केले. पुढे घर पडले, गाव उठले, माझ्यावर शतकानुशतके गहू डोलला. मग लोकांनी मला उकरून काढले आणि राखणीला शाझलीकाका आले.

काकांचा माझ्यावर फार जीव. उन्हात माझे रंग फिके दिसत, म्हणून पाहुणे आले की ते माझ्यावर डबाभर पाणी ओतत. क्षणात निळे-तांबडे मासे झळाळून उठत. पाहुणे माना डोलवत आणि काकांचा चेहरा कीर्तन रंगलेल्या बुवांसारखा फुलून येई. खोटे कशाला बोलू, मलाही ते कौतुक आवडे. पण दर वेळी खालचा चुना थोडाथोडा सुटत होता.

एके दिवशी डागडुजी करणारी नाइला आली. तिने बोटाने मला टकटक वाजवून पाहिले. आवाज पोकळ आला.

"काका, हिच्यावर पाणी कोण घालतं?"

"मीच. तोंड धुतल्याशिवाय कुणी पाहुण्यांसमोर येतं का, पोरी?"

"त्या पाण्यानंच ही सुटत चाललीय. अजून दोन हिवाळे, मग मासे सुपात गोळा करावे लागतील."

काका माझ्या कडेला बसले. "एकवीस वर्षं घालतोय मी."

"मायेनंच घातलंत. पण आता झाकायला हवी."

"झाकली तर बघणार कोण?"

"आज कुणी नाही. तुमच्या नातवंडांची नातवंडं बघतील."

काका उठले, नमाज पढून आले. नाइलाने चुना भरला, वर कापड अंथरले. वाळू मात्र काकांनी स्वतः चाळून आणली आणि ओंजळी-ओंजळीने पसरली. शेवटच्या माशापाशी त्यांचा हात बराच वेळ थांबला.

दुसरा राखणदार मुंजी चिडवायचा, "काय शाझली, पाहुण्यांना आता वाळू दाखवतोस?"

"दाखवत नाही. राखतोय."

त्यानंतर नऊ वर्षे काका रोज आले. त्यांच्यापाशी थांबून कुणी मान डोलवली नाही. मग एका हिवाळ्यात ते यायचे थांबले.

मित्रांनो, देव भावाचा भुकेला खरा, पण भावालाही जाण लागते. जुन्या वस्तूला हात लावण्याआधी जाणत्याला विचारा. आणि कधीकाळी माझ्यावरची वाळू दूर झाली, तर त्या कारागिराची वाहवा तुम्ही करालच. तेव्हा शाझलीकाकांचीही आठवण काढा. त्यांना ते मासे पुन्हा पाहायला मिळाले नाहीत.