आण्णा डॉक्टरांनी सुई खाली ठेवली

“स्ट्रेप्टोमायसीन,” आण्णा डॉक्टरांनी मोठ्यानं वाचलं आणि औषधाची बाटली धुरपदाच्या हातात दिली.

धुरपदानं लेबल पाहिलं, पुन्हा पाहिलं. टेबलावर म्हाळू पालथा पडून वाट बघत होता. दाराला नुसता पडदा होता. बाहेरच्या बाकावरच्या माणसांना आतलं सगळं ऐकू जायचं.

“वाच ना,” डॉक्टर म्हणाले.

“आण्णा, ही पेनिसिलीनची हाय.”

बाहेरच्या माणसांनी पडद्याकडं माना वळवल्या.

निमोण्याच्या त्या दवाखान्यात नियमच तसा होता. बाटली काढणाऱ्यानं नाव मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ते पुन्हा वाचायचं, आणि दोन्ही जुळलं तरच सुई भरायची. सुई उकळल्याशिवाय कुणाला टोचायची नाही, मग तो आमदाराचा जावई का असेना. स्टोव्हला रॉकेल मिळेना तेव्हा डॉक्टरांनी चुलीवर पातेलं ठेवून सुया उकळल्या होत्या. पुष्कळ वर्षांत त्या दवाखान्यातली सुई पिकली म्हणून कुणी आलं नव्हतं. निमोण्याची माणसं दौंडच्या बाजारात गेली तरी ते मानानं सांगायची, “आमच्या डॉक्टरकडं घाई केली तर आपल्यालाच भाईर काढत्यात!”

धुरपदा बौद्धवाड्यातली, सातवी शिकलेली. डॉक्टरांनी तिला कामावर ठेवली तेव्हा काहीजण तिच्या हातचं औषध घेईनात. “मग माझ्याही हातचं मिळणार नाही,” एवढंच डॉक्टर बोलले होते. इंग्रजी अक्षरं त्यांनीच तिला शिकवली. कशासाठी, तर दुसऱ्यांदा वाचायला माणूस हवा म्हणून.

म्हाळू मेंढरं राखायचा. त्याला क्षय झाला होता आणि रोज स्ट्रेप्टोमायसीनची सुई घ्यावी लागत होती. पेनिसिलीन मात्र त्याला चालत नव्हतं. गेल्या साली चाचणीपुरता थेंबभर टोचला, तर अंगभर गांधी उठून त्याचा श्वास अडकला होता. डॉक्टरांनी मोठ्या कष्टानं त्याला परत आणला होता. आज अख्खी बाटली गेली असती, तर आणायला कुणी उरलं नसतं.

डॉक्टर बाटली घेऊन खिडकीशी गेले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बाटली जवळ धरली, लांब धरली. आदल्या दिवशी दवाखान्याला चुना मारला होता. कपाट पुन्हा लावताना खालच्या खणातलं वर आणि वरचं खाली गेलं होतं. धुरपदानं तसं त्यांना सांगितलंही होतं. पण हात सवयीनं जुन्याच जागी गेला, आणि डोळ्यांनी त्या हाताला अडवलं नाही.

“धुरपदा, कपाटातली कुठलीही बाटली दे.”

तिनं एक दिली. त्यांनी ती न्याहाळली आणि परत केली.

“दुसरी दे.”

तिसरीला त्यांनी मान हलवली. “पांढरं दिसतंय. पांढऱ्यावर काळं काहीतरी आहे. काय आहे ते कळत नाही.”

“आण्णा, आज ऊन लई हाय. डोळं दिपत्यात—”

“ऊन काल पण होतं.” मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “तुला कधीपासून ठाऊक आहे?”

धुरपदाचा पदर तोंडाशी गेला. “दिवाळीपास्नं. च्याचा कप तुमी चाचपून घेता. मला कळत व्हतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमास्नी वाईट वाटलं आसतं.”

“मला वाईट वाटलं असतं,” डॉक्टर म्हणाले. “म्हाळू मेला असता.”

ती रडू लागली. डॉक्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “आज बोललीस ना? एवढ्या माणसांच्या कानावर जाईल असं बोललीस. मी शिकवलेलं वाया नाही गेलं. पूस डोळे.”

म्हाळू टेबलावरून मान वळवून बघत होता. “टोचा की आण्णा. आता ती दुसरी बाटली घ्या, आन् धुरपदाक्का वाचंल. माझी मेंढरं मोकळी हायेत.”

“नाही टोचणार. ऊठ. औषध वाचायला ती आहे, पण सुईतला हवेचा बुडबुडा मलाच दिसायला पाहिजे. तो दिसत नाही.”

डॉक्टरांनी भरायला घेतलेली काचेची सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि पडदा बाजूला करून ते बाहेर आले. बाकावर माणसं होती, बायका होत्या, कडेवर पोरं होती. दाराशी सोपानराव बसले होते. गावातली दूधसंस्था त्यांच्याकडं होती.

“ऐका,” डॉक्टर म्हणाले. “माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. मी टाळत होतो. आज माझ्या हातून म्हाळूला चुकीची सुई जाणार होती. धुरपदामुळं गेली नाही. आजपासून मी सुई टोचणार नाही आणि टाकेही घालणार नाही.”

सोपानराव उठून जवळ आले. “आण्णा, भाईर कशाला बोलायचं हे? झालं न्हाई ना काय? तुमच्या हाताला अंदाज हाय. इतकी वर्सं बघतोय आमी.”

“अंदाजानं तुम्ही कांद्याचं बीसुद्धा टाकत नाही, सोपानराव.”

“पर लोकं काय म्हंतील? त्या शिरूरच्या डॉक्टरकडं जातील सगळी.”

“जाऊ देत. मीच चिठ्ठी देतो. त्याच्याकडं डोळे आहेत.”

म्हाळू सदरा सारखा करत बाहेर आला होता. तो एकदम खालीच बसला. “मी न्हाई जायचा शिरूरला. रोज कसा जाऊ? सुई घीन तर तुमच्या हातनं, न्हाईतर नगं.”

“म्हाळू, अर्धवट सोडलंस तर रोग दुप्पट होऊन येईल. माझ्यावर भरवसा आहे ना तुझा? मग मी सांगतोय त्यावर ठेव. माझ्या हातावर नको ठेवूस.”

सोपानरावांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी पुन्हा घातली.

“दुधाची गाडी रोज सकाळी शिरूरला जाती,” ते म्हणाले. “कॅनच्या बाजूला बसंल त्यो. येताना घिऊन ईल डायवर. मेंढरं आमचा बाळासो बघंल तवर.”

त्या दिवशी डॉक्टरांनी बाकी सगळ्यांना तपासलं. नाडी बघितली, छाती ऐकली, जिभा मात्र धुरपदाला बघायला लावल्या. ज्यांना सुई लागणार होती त्यांना चिठ्ठ्या दिल्या, आणि त्या चिठ्ठ्या तिच्याकडून मोठ्यानं वाचून घेतल्या. एकही माणूस उठून गेला नाही. धुरपदाला वाटलं होतं, आता लोक तोंड फिरवतील, चूक झाली म्हणून गावभर बोलतील. बोलले खरे. पण संध्याकाळी पाण्यावर वरच्या आळीतली भागुबाई तिला म्हणाली, “आपल्या डॉक्टरनं सोताच्या तोंडानं सांगितलं गं. दुसऱ्या कुणी सांगितलं आसतं का?” आणि तिनं आपली घागर बाजूला घेऊन धुरपदाला आधी पाणी भरू दिलं. गावात असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

पुढचं सगळं रीतीनं झालं. पुण्याला ऑपरेशन झालं आणि डॉक्टर जाड भिंगाचा चष्मा लावून परत आले. दवाखाना पुन्हा उघडला. लेबलं त्यांना वाचता यायला लागली, पण टेबलाची कड अजून जिथं दिसायची तिथं लागायची नाही, म्हणून सुई त्यांनी पुन्हा हातात घेतली नाही. त्यांनी धुरपदाला पुण्याला नर्सच्या शिक्षणाला धाडलं आणि ती शिकून आल्यावर सुयांचं काम तिच्या हातात दिलं. म्हाळू बरा झाला, जाड झाला, दुसरं लग्न करायच्या गोष्टी बोलायला लागला.

गाव मात्र अजून सांगतं ते डॉक्टर ऑपरेशनला निघाले त्या दिवसाचं.

दौंडला रेल्वेत असलेला त्यांचा भाचा जयसिंग न्यायला आला होता. दौंडपर्यंत एसटी आणि पुढं रेल्वे. स्टँडवर ही गर्दी. कुणी भाकरी बांधून आणलेली, कुणी शेंगा. एसटीच्या पायरीशी धुरपदानं हात पुढं केला, तो डॉक्टरांनी धरला आणि ते वर चढले. खिडकीजवळची जागा कंडक्टरनं राखून ठेवली होती. समोरून टळटळीत ऊन येत होतं.

कंडक्टरनं घंटी मारली. डॉक्टरांनी खिडकीतून दोन्ही हात जोडले आणि मान लववली.

माणसं सगळी लिंबाखाली उभी होती. डॉक्टरांचे हात जोडलेले होते ते पलीकडच्या रिकाम्या रस्त्याकडं. तिथं कुणीच नव्हतं.

शेजारी बसलेला जयसिंग त्यांच्या कानाशी वाकणार, तोच सोपानरावांनी त्याला खालून हातानंच थांबवलं. ते लिंबाच्या सावलीतून निघाले आणि रस्त्यावर, उन्हात, डॉक्टरांच्या हातांसमोर जाऊन उभे राहिले. त्यांच्यामागून भागुबाई गेली, म्हाळू गेला, कडेवर पोरं घेतलेल्या बाया गेल्या, धुरपदा गेली. कुणी आवाज केला नाही.

एसटी हलली तेव्हा सगळा गाव तिथं हात जोडून उभा होता.