शंभरातले सदतीस

"परत लाव," दशांशसाहेब म्हणाले.

मी तुकडा काढला, उलटा केला, यंत्राच्या जबड्यात पुन्हा धरला. झाकण खाली आलं, फुस्स झालं आणि आकडा उमटला. सदतीस. सलग तिसऱ्यांदा.

म्हणजे या कापडावर धुळीचे शंभर कण सोडले तर सदतीस आरपार जात होते. आमच्या चांगल्या कापडातून एक जातो, फार तर दोन.

"सदतीस पॉइंट किती?" साहेबांनी विचारलं. ते आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. पूर्ण आकड्यावर त्यांचा विश्वास नाही, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना दशांशसाहेब म्हणतात.

"पॉइंट दोन."

"तुकडा कुठला?"

"माझ्या घरचा. पण कापड आपलंच. हा बघा रोलचा नंबर. पास मीच केला होता."

आमचा कारखाना हवा गाळायचं कापड करतो. प्लास्टिकचे दाणे वितळवून त्यांचे केसापेक्षा बारीक तंतू फुंकायचे, त्यांचा पापुद्रा जमला की तो विजेच्या तारेखालून न्यायचा. तंतूंमध्ये विजेचा भार बसतो आणि धूळ त्यांना चिकटते, डोक्यावर घासलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात तशी. सगळी करामत त्या भाराची. अकरा वर्षं मी डोळ्यांत तेल घालून हे कापड तपासतेय. माझी सही झाल्याशिवाय रोल दाराबाहेर जात नाही, आणि त्याचा मला गर्व आहे. असू दे.

रोल तपासून झाला की उरलेला तुकडा आम्हाला घरी नेता येतो. माझे सासरे आयुष्यभर दगड घासायच्या शेडमध्ये राबले. छातीत दगडच साठलाय म्हणा ना. त्यांच्या खाटेशेजारी पंख्याची एक पेटी आहे, तिला मी हे कापड लावते. पहिला महिना त्यांना शांत झोप लागली. मग खोकला परत आला. डॉक्टरांनी दोनदा औषध बदललं, उपयोग शून्य. तीन महिन्यांनी कापड बदलायला मी पेटी उघडली. कापड पांढरंशुभ्र! तीन महिने हवा गाळलेलं कापड काळं पडायला हवं. पांढरं राहिलं, म्हणजे त्यानं काहीच पकडलं नाही. म्हणजे मी खोटं कापड पास केलं.

"साहेब, या लॉटचे उरलेले चाळीस रोल आज निघतायत. ऑपरेशनच्या खोल्यांसाठी."

"एका घरच्या तुकड्यावरून गाडी अडवू?"

"अडवा. नाहीतर मी चाकापुढे उभी राहते."

गाडी अडली. चाळीस रोल उतरवले, दोन दिवस तपासले. एक, एक, दोन, एक. एकही रोल वाईट नाही. सगळा कारखाना माझ्याकडे असा बघायला लागला की मीच कुठून गळतेय.

"कापड कुणी धुतलं असेल का?" मी शेवटचं विचारून पाहिलं. साबण लागला की भार जातो हे आम्हाला पाठ आहे.

साहेबांनी तुकडा भिंगाखाली सरकवला. "हे धुतलं तर तंतूंचा गोळा होतो. बघ, एक तंतू हललेला नाही. हे धुतलेलं कापड नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकतर तू तेव्हा चुकलीस, नाहीतर घरून आणताना काहीतरी घोळ केलास. कारण सापडेपर्यंत तुझी सही बंद. उद्यापासून पॅकिंग."

अकरा वर्षं एका वाक्यात गुंडाळली. मी बाहेर आले.

पॅकिंगची पाळी लवकर सुटते, म्हणून दुसऱ्या दिवशी मी भर दुपारी घरी पोहोचले. सासूबाई मोरीत बसल्या होत्या. बाह्या वर, पुढ्यात टबात कोमट पाणी, आणि दोन्ही तळव्यांवर, आजारी पोराला धरावं तसं, मी आदल्या संध्याकाळी बसवलेलं कोरं कापड.

"आई, काय करताय हे?"

"दिसत नाही? धुतेय."

"हे कापड तुम्ही धुता?"

"मग! दर चौथ्या दिवशी. अगं, पहिल्या महिन्यात काय करडं झालं होतं ते! त्या घाणीतनं येणारी हवा हे ओढायचे. मला बघवेना. तुला बोलले नाही, तू म्हणशील म्हातारी उगाच राबते."

"पण हे तर कालच घातलंय!"

"त्याला कारखान्याचा वास येत होता."

मी तिथेच खाली बसले. हसावं की रडावं कळेना. एकतीस वर्षं या बाईनं हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात काढली. रक्ताच्या चादरी, जळलेल्यांच्या मलमपट्ट्या. डाग यांना बघूनच पळायचा. घासणं नाही, पिळणं नाही. कापड पाण्यावर टेकवायचं, दाबायचं, उचलायचं. तंतू हलणार कुठून? भिंगाला फसवणारे हात माझ्या घरातच होते, आणि मी गाडीपुढे आडवी व्हायला निघाले होते!

मी त्यांना समजावलं. पटेना, तेव्हा उशीतून कापसाची बारीक लव काढली. माझ्याजवळच्या कोऱ्या तुकड्याला ती लांबूनच उडून चिकटली. सासूबाईंनी धुतलेलं कापड वाळल्यावर तेही तसंच फिरवलं. लव जागची हलली नाही.

त्यांनी स्वतः पुन्हा फिरवून पाहिलं. आणि माझी जीभ सुटली. "दोन महिने बाबा धूळ खातायत, आई. तुमच्या हातानं."

बोलले आणि लाज वाटली. पण बोललेलं परत घेता येतं थोडंच! आतल्या खाटेवरून सासऱ्यांचा आवाज आला, मध्ये मध्ये खोकत. "तिला रागावू नको गं. साबणाचा काय छान वास यायचा."

त्यावर सासूबाई रडल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. तोंड धुऊन आल्या आणि विचारलं, "तुझी सही याच्यामुळेच गेली?"

"हो."

"उद्या मी येते तुझ्याबरोबर."

"कशाला? मी सांगेन ना साहेबांना."

"तो म्हणतो ना, धुतलेलं नाही म्हणून? सांगून पटायचं नाही. बघू दे त्याला."

सकाळी आठला आम्ही दोघी प्रयोगशाळेच्या दारात. सासूबाईंनी स्वतःचा साबण फडक्यात बांधून आणला होता. "साहेब, तुमच्या हातानं एक चांगला तुकडा काढा आणि मोजा," त्या म्हणाल्या. "मग मला टब आणि कोमट पाणी द्या."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात टेकले. तुकडा मोजला. एक पॉइंट एक. मग सासूबाई जमिनीवर बसल्या आणि धुवायला लागल्या. प्रयोगशाळेतली झाडून सगळी माणसं भोवती जमली. पाणी तीनदा बदललं. शेवटी त्यांनी कापड जाळीवर असं अंथरलं की पाण्याचा एक थेंबसुद्धा त्यावरून घरंगळला नाही.

"वाळवायच्या कपाटात ठेवू?" कुणीतरी विचारलं.

"नको. उद्या म्हणाल, उष्णतेनं गेलं. सावलीत वाळू दे."

अडीच तास सासूबाई एका स्टुलावर ताठ बसून राहिल्या. पाणीसुद्धा नको म्हणाल्या.

कापड वाळलं. साहेबांनी आधी भिंगाखाली धरलं आणि बराच वेळ डोळा काढला नाही. "एक तंतू हललेला नाही," ते पुटपुटले. मग यंत्रात लावलं.

"छत्तीस पॉइंट आठ."

"म्हणजे सदतीसच की," सासूबाई म्हणाल्या.

साहेबांनी चष्मा काढला. "आजी, एवढी वर्षं मी या कापडात आहे. असा हात पाहिला नाही."

"शाबासकी नको." त्या उभ्या राहिल्या. "एवढंच सांगा. शंभरातले सदतीस. ते दर श्वासाला?"

दशांशासाठी जीव टाकणारा तो माणूस आकड्याकडे बघत राहिला. "तसा हिशोब काढता येत नाही, आजी."

"येतो. तुम्हाला सांगवत नाहीये."

साहेबांनी चाचण्यांची वही ओढली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: घरी साबणाने धुतल्याने भार गेला; रोल निर्दोष. मग वही माझ्यापुढे सरकवली. "सही कर. आणि उद्या तुझ्या जागेवर ये."

मी पेन टेकवलं. सही नेहमीसारखी आली.

"धुणाऱ्यानं सही कुठे करायची?" सासूबाईंनी विचारलं.

"तसा रकाना नाही, आजी."

"मग काढा."

साहेबांनी पट्टी घेतली, एक रेघ मारली. सासूबाईंनी पेन धरलं आणि सावकाश, एकेक अक्षर नीट काढत, पूर्ण नाव लिहिलं. मी त्यांना थांबवायला हवं होतं का? मला अजून कळलेलं नाही.

निघताना साहेबांनी कपाटातून कोऱ्या कापडाचा मोठा तुकडा काढला, स्वतः मोजून पाहिला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. "बाबांसाठी न्या."

सासूबाईंनी हात मागे घेतले.

"तू धर," त्या मला म्हणाल्या.